ऑलॉवेची दारं: दोन शाईंतल्या चित्रकथेच्या प्रकल्प नोंदी

3 मार्च 2025: आराखडा

पुस्तिका 32 पानी, कव्हर वेगळं, सेंटर पिन (मधल्या घडीत पिना). कापून तयार आकार 170 × 240 मिमी, चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), मजकूर कडेपासून 10 मिमी आत. वाचक मराठी, वय साधारण बारा वर्षांपुढचं.

विषय: ऑलॉवे या योरुबा काष्ठशिल्पीने नायजेरियातल्या इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेली दारं, आणि त्या निमित्ताने निळीत रंगवलेलं आदिरे कापड, कौल लावण्याची इफाची पाटी, गेलेदे नाचाचे मुखवटे. ऑलॉवे मूळचा एफॉन-अलायेचा, आयुष्य गेलं इसे गावी, मृत्यू 1938. दारं 1910 ते 1914 या काळातली. 1924 साली ती लंडनला वेम्ब्लीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात गेली. ब्रिटिश म्युझियमला ती ठेवून घ्यायची होती, पण इकेरेचे राजे (त्यांची पदवी ऑगॉगा) विकायला तयार झाले नाहीत. शेवटी ब्रिटिश बनावटीच्या सिंहासनाच्या बदल्यात दारं तिकडे राहिली. ही देवघेव दोन पानांत बसते, ताणायची नाही.

कामाचा पाया आजच लिहून ठेवतो. आफ्रिकन म्हणून खपवल्या जाणाऱ्या पुष्कळ चित्रकथांत शरीर अमेरिकन अतिमानवाचं असतं आणि अंगावरच्या कापडाला तेवढी आदिरेची नक्षी असते. इथे क्रम उलटा राहील. पानाची मांडणी, शरीराचं प्रमाण आणि रंग कोरीवकामातून आणि कापडातून घ्यायचे, नक्षी सगळ्यात शेवटी.

चित्रकथा हा प्रकार तिकडे परका आहे असं प्रस्तावनेत कुठेही येऊ द्यायचं नाही. आकिनोला लासेकान यांची राजकीय व्यंगचित्रं 1940च्या दशकात लागोसच्या ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ या वृत्तपत्रात येत होती.

7 मार्च: संदर्भचित्रांची छाननी

योरुबा कला म्हणून गोळा झालेल्या चित्रांतली बरीच योरुबा नाहीतच. सर्वांत जास्त घोळ बेनिनचा. बेनिनच्या पितळी पाट्या आणि राणी इडियाचा हस्तिदंती मुखवटा एडो लोकांचा, बेनिन सिटीचा. 1897 च्या ब्रिटिश स्वारीत लुटलेला. बेनिन सिटी आहे नायजेरियात. बेनिन प्रजासत्ताक हा शेजारचा देश, पूर्वीचा दाहोमे, आणि गेलेदेशी जोडलेलं केतू हे योरुबा गाव त्या देशात. एकाच नावाखाली दोन ठिकाणं आल्यामुळे फोल्डरमध्ये एडो मुखवटा आणि योरुबा मुखवटा शेजारी पडले होते. एडोची सगळी चित्रं बाहेर.

इफे या योरुबा शहरातली ताम्रमिश्र धातूची शिरं मात्र योरुबाच. 1938 मध्ये इफेतल्या वुनमोनिजे वाड्यात बांधकामासाठी खणताना त्यांतली बरीचशी सापडली. चेहऱ्यावरच्या उभ्या बारीक रेघा सगळ्याच शिरांवर नाहीत, काही चेहरे सपाट गुळगुळीत आहेत. जिथे आहेत तिथे त्या गालाच्या गोलाईबरोबर वळतात. सरळ पट्टीने ओढल्या की चेहरा जाळीमागे ठेवल्यासारखा दिसतो. शिवाय या रेघा आणि योरुबा गालांवरच्या घराण्याच्या खुणा एक नव्हेत. ‘पेले’ म्हणजे गालावर तीन आखूड उभ्या रेघा, ‘आबाजा’ म्हणजे आडव्या रेघांचे संच. ज्या पात्राचं घराणं ठरलेलं नाही त्याच्या गालावर काहीही काढायचं नाही.

फाइलचं नाव यापुढे असं: लोक, गाव, वस्तू, संग्रहालयाचा क्रमांक. चारांपैकी एक जरी सापडत नसेल तर ते चित्र संदर्भ म्हणून वापरायचं नाही.

14 मार्च: शरीराचं प्रमाण

योरुबा लाकडी आकृतीत डोकं एकूण उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश. प्रत्यक्ष माणसात ते साधारण एक सप्तमांश ते साडेसातावा भाग, अतिमानवांच्या चित्रकथेत आठवा भाग किंवा त्याहूनही लहान. डोकं मोठं, कारण योरुबा विचारात माणसाचं नशीब आणि व्यक्तित्व ‘ओरी’त, म्हणजे शिरात असतं.

60 मिमी उंच उभ्या आकृतीसाठी ठरलेली मापं: डोकं 15, मान 4, धड 23, पाय 18. गुडघे किंचित वाकलेले. ऑलॉवेच्या आकृत्यांच्या माना लांब असतात, म्हणून राजा आणि राणी यांना मान 6, धडातून 2 वजा. जुळ्यांच्या इबेजी मूर्ती (उंची साधारण 25 सेमी) एका पानावर आहेत. त्यांत डोकं याहूनही मोठं, एक तृतीयांशापर्यंत.

यातून पानावर काय बदलतं: संवादाची पानं सुरेख जमतात. चेहरा मोठा असल्याने लहान चौकटीतही ओळख पटते. धावणं, उडी, झटापट मात्र मोडते. पाय आखूड असल्यामुळे धावणारी आकृती अडखळल्यासारखी दिसते. प्रवासाची दृश्यं म्हणून बाजूने, सगळे पाय जमिनीवर, एकामागे एक अशी रांग. दारांवरचे ओझेकरीही तसेच रांगेत आहेत.

दुसरी अडचण चेहऱ्याची. कोरीवकामातला चेहरा शांत, मिटलेल्या ओठांचा, डोळे बदामी आणि पुढे आलेले. भुवया उंचावून राग दाखवला की तो चेहरा योरुबा राहत नाही. भावना तीन ठिकाणी ठेवायची: शरीराची ठेवण (गुडघे टेकणं हा आदराचा सर्वांत स्पष्ट भाव), हातांतली वस्तू, आणि दोन आकृत्यांमधलं अंतर.

वयाचंही तसंच. कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस टॉम्प्सन यांनी योरुबा जाणकारांकडून जमवलेल्या निकषांत आकृती भर तारुण्यातली असावी हा एक आहे. म्हातारा राजासुद्धा ऐन उमेदीतला कोरतात. सुरकुत्या काढायच्या नाहीत. वय दाढीतून, मुकुटातून आणि बसण्यातून दिसू दे. त्याच निकषांतला ‘जिजॉरा’ म्हणजे हुबेहूब आणि अमूर्त यांच्यामधला बिंदू. राजाचं चित्र फोटोवरून उतरवलं की तो बिंदू सुटतो.

18 मार्च: रेखाटनाचा क्रम

योरुबा कोरीवकामाचे चार टप्पे नोंदलेले आहेत: ऑना लिले (वाकसाने ओबडधोबड ठोकळे पाडणं), आलेतुनले (मोठ्या ठोकळ्यांचे लहान भाग), दिदान (गुळगुळीत करणं), फिफिन (चाकूने बारीक रेघा खोदणं). शाईकामाला हाच क्रम लावला.

1. पेन्सिलीने फक्त अंडाकृती आणि दंडगोल, तपशील नाहीत. लांबून पाहिलं तरी कोण कोण आहे ते कळलं पाहिजे.
2. कान, स्तन, हात, मुकुट हे वेगळे घनाकार.
3. बाहेरची रेघ एकाच जाडीची, 0.8 मिमी. ब्रशने जाडबारीक रेघ ओढली तर आकृती मांसल होते, लाकडी राहत नाही.
4. केसांच्या वेण्या, मुकुटाचे मणी, गालांवरच्या खुणा 0.2 च्या पेनाने, मोठे गडद भाग भरून वाळल्यावर.

चौथा टप्पा आधी उरकायचा मोह फार होतो. तसं केलं की गडद भाग भरताना बारीक रेघा बुजतात आणि वेण्यांच्या जागी डाग उरतो.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) वापरायचं नाही. इकेरेच्याच राजवाड्याचा ऑलॉवेने कोरलेला ओसरीचा खांब आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात राजा सिंहासनावर बसला आहे आणि मागे उभी असलेली ज्येष्ठ राणी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पुढे गुडघे टेकलेली धाकटी राणी अगदी लहान. पुढचं मोठं आणि मागचं लहान हा नियम इथे चालत नाही. आकार मानावरून ठरतो, आणि राज्याभिषेकात राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी ती ज्येष्ठ राणीच.

26 मार्च: मधलं जोडपान

संपूर्ण दारं पान 16 आणि 17 वर. सेंटर पिनच्या 32 पानी पुस्तिकेत हीच दोन पानं एका कागदावर एकसंध छापली जातात. दुसरीकडे कुठेही जोडपान घेतलं तर दोन वेगवेगळ्या कागदांवरचे अर्धे भाग घडीत जुळवावे लागतात आणि मिलिमीटरभर तरी खालीवर होतात.

डावी फळी डाव्या पानावर, उजवी उजव्या. प्रत्येकी पाच आडवे पट्टे. दारावर दोन चित्रांमध्ये मोकळी जागा नसते, कोरलेली नक्षीची पट्टी असते. म्हणून चौकटींमधली पांढरी फट काढून 4 मिमी नक्षीपट्टी. हाच नियम सगळ्या पुस्तिकेला लावला. फक्त वेम्ब्लीच्या दोन पानांवर पांढरी फट ठेवली. तिथे ती मुद्दाम उपरी दिसायला हवी.

डाव्या बाजूला ऑगॉगा बसलेला, मागे राणी. उजव्या बाजूला ब्रिटिश अधिकारी कॅप्टन अँब्रोझ माणसांच्या खांद्यांवरच्या डोलीतून येतोय. वाचक चित्रकथेच्या सवयीने डावं पान वरून खाली संपवेल आणि मग उजव्या पानावर जाईल, म्हणजे भेट चुकेल. दार क्रमाने वाचायचं नसतं, दोन्ही फळ्या समोरासमोर पाहायच्या असतात. उपाय असा: या जोडपानावर संवादाचा एकही फुगा नाही, निवेदन नाही. पान 15 वर फक्त राजा, नजर उजवीकडे. पान 18 वर फक्त डोली, नजर डावीकडे. दोन्ही चौकटी दारावरच्या त्याच आकृत्यांच्या.

ऑलॉवेचा उठाव इतका खोल आहे की आकृत्या फळीतून बाहेर येतात. छापील पानात तो दाखवायला सावली टाकून पाहिली, आकृत्या कापून चिकटवल्यासारख्या दिसल्या. त्यापेक्षा हे बरं: पार्श्वभूमीची भौमितिक नक्षी पूर्ण भरायची, आकृतीभोवती 1 मिमी कोरा कागद सोडायचा, आणि डोकं किंवा कोपर एखाद्या ठिकाणी नक्षीपट्टीवर जाऊ द्यायचं. एका पट्ट्यात एकच. सगळेच बाहेर आले तर पट्टीच दिसेनाशी होते.

2 एप्रिल: आदिरेची पानं

आबेओकुटा आणि इबादान या दोन गावांची ही कला. इथे आदिरे एलेको घेतलं आहे, म्हणजे खळ लावून रंग रोखण्याची पद्धत. कसाव्याच्या पिठाची (ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा होतो तोच) खळ, त्यात थोडी तुरटी आणि मोरचूद. कोंबडीच्या पिसाने किंवा ताडपात्याच्या शिरेने बायका हाताने नक्षी काढतात. पत्र्याचे छाप कापून खळ लावण्याचं काम पुरुषांचं. खळ वाळली की कापड निळीच्या रांजणात बुडवायचं, बाहेर हवेत धरायचं, पुन्हा बुडवायचं. नीळ ‘एलू’ नावाच्या वेलीच्या कोवळ्या पानांची: पानं कुटून गोळे, गोळे वाळवून राखेच्या क्षारपाण्यात आंबवलेले. रंग जमतो बाहेर, हवा लागल्यावर. म्हणून रांजणातून निघताना कापड हिरवट असतं आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं. या एका क्षणाला चार चौकटी.

चित्रात हमखास चुकणारी गोष्ट: नक्षी पांढरी काढतात. खळ कापडाच्या एकाच बाजूला लावलेली असते, नीळ मागून झिरपते, त्यामुळे रोखलेली जागा फिकट निळी राहते. आदिरेच्या चौकटींत कागदाचा पांढरा कुठेही नको, त्या जागी निळीचा हलका टिंट (विरळ ठिपक्यांनी फिकी केलेली शाई). कडा थोड्या मऊ. मेणाच्या बाटिकसारख्या तडकलेल्या रेघा घालायच्या नाहीत, मेणाचं आदिरे नंतरचं.

‘इबादानदून’ हा नमुना चौकोनांच्या जाळीचा, त्यात इबादानच्या मापो हॉलचे खांब येतात. जाळी आधीच चित्रकथेच्या पानासारखी आहे, म्हणून एक पूर्ण पान त्याच जाळीवर: काही चौकोनांत नक्षी, काहींत रंगारीण आणि तिचे हात. नक्षी आणि प्रसंग यांचं प्रमाण दोनास एक ठेवलं. अर्धं अर्धं केलं तर कापड वाटत नाही.

9 एप्रिल: इफाची पाटी

एकच पान, पण चुका करायला भरपूर वाव. तेलताडाच्या सोळा बिया. बाबालावो (इफाचा पुजारी) त्या एका हातातून दुसऱ्या हाताने झटकन उचलतो. मागे दोन उरल्या तर पाटीवरच्या भुकटीत एक रेघ, एक उरली तर दोन रेघा. बाकी काही उरलं तर ती खेळी धरत नाहीत. अशा आठ खुणांची एक आकृती होते, चार-चारच्या दोन उभ्या ओळी, उजवी ओळ आधी. अशा एकूण 256 आकृत्या, त्यांना ओडू म्हणतात. चौकटींत रेघा वाढत जाताना उजवा-डावा, उजवा-डावा असा क्रम पाळायचा. शोभेसाठी मनाला येतील तशा रेघा मारलेली पाटी जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

पाटीच्या काठावरचा एशू या देवाचा चेहरा बाबालावोच्या समोरच्या बाजूला असतो. त्याच्या खांद्यावरून पाहिलं तर चेहरा वर. विचारायला आलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर चेहरा जवळ आणि उलटा. दोन्ही कोन वापरले आहेत, पाटी फिरवून पुन्हा वापरलेली नाही.

11 एप्रिल: गेलेदे

मुखवटा चेहऱ्यावर नसतो, टोपीसारखा डोक्यावर तिरपा बसतो. नाचणाऱ्याचा चेहरा खाली पातळ कापडाआड. नाचणारे पुरुष, मान आयांचा. नाच जोडीने, म्हणून जुळ्या आकृत्या एकाच घडणीच्या, दुसरी पहिलीचं आरशातलं प्रतिबिंब नव्हे. मुखवट्यावरची रचना (साप, शिवणयंत्र, फळविकी, काहीही) ही त्या पानाची मुख्य गंमत, तिला अर्धी उंची.

एगुनगुन (पूर्वजांचं सोंग) घेतलेलं नाही. कापडाखालचा माणूस दाखवायचा नसतो, आणि पडद्यामागची चौकट नसेल तर ते पान नुसती रंगीत मिरवणूक होईल.

16 एप्रिल: अक्षरं

योरुबा नावं देवनागरीत: उघड्या ‘ओ’साठी ऑ (ऑलॉवे, ऑयॉ), बंद ‘ओ’साठी ओ (ओगून, ओरिकी). उघड्या ‘ए’ला वेगळं चिन्ह नाही, ए चालवायचा. ‘ग्ब’ जोडाक्षरच (ओशोग्बो), मध्ये अ घुसू द्यायचा नाही.

स्वरांचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत. मजकुरात सोडून दिले, पण बोलक्या ढोलाच्या पानावर ते हवेतच. दुनदुन ढोल डमरूच्या आकाराचा. काखेत धरून दोऱ्या आवळल्या की स्वर चढतो, आणि बोलण्याच्याच चढउतारांतून शब्द वाजवतो. तिथे अक्षरं तीन पातळ्यांवर: मधली ओळ, 4 मिमी वर, 4 मिमी खाली. ऑयॉ: खाली, वर. इबादान: तिन्ही अक्षरं खाली. अक्षर वर-खाली सरकवलं की शिरोरेघ तुटते आणि नुसती टाइपची चूक वाटते. म्हणून या पानावर अक्षरं हाताने, शिरोरेघेशिवाय, जाड निबाने.

फुग्यांत 10 पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. वरच्या बाजूला खालच्यापेक्षा 1.5 मिमी जास्त जागा, नाहीतर वेलांट्या आणि रफार फुग्याच्या रेघेला टेकतात.

निवेदन ओरिकीच्या (स्तुतिकवनाच्या) ढंगात: नाव, गाव, काम, त्यावर एखादी बढाई. ऑलॉवेची खरी ओरिकी त्याच्या पत्नीकडून 1988 मध्ये नोंदवली गेली आहे. तिच्यातल्या ओळी आपल्या म्हणून वापरायच्या नाहीत, आणि आपल्या ओळी तिच्या नावावर घालायच्या नाहीत.

24 एप्रिल: शाई

योरुबा रंगविचारात तीन गट: फुनफुन (पांढरे, फिके), पुपा (तांबडे, पिवळे, उबदार), दुदू (काळे, निळे, गडद हिरवे). दोन स्पेशल शाया आणि कोरा कागद एवढ्यात हे तिन्ही बसतात. निळी गडद नीळ, तांबडी ओसून लाकडाच्या भुकटीसारखी विटकरी. काळी शाई नाही, मजकूरही निळीतच. फोर कलरमध्ये (नेहमीच्या चार शायांत) नीळ छापली असती तर निळसर आणि किरमिजी टक्के जवळ आले की ती जांभळी पडते. दोघांत किमान 30 टक्क्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि मग गडदपणा जातो.

फाइल: रेघा 1200 डीपीआय बिटमॅप. टिंट वेगळ्या थरात, निळीचा 45 अंशात, तांबडीचा 75 अंशात. कोन जवळ आले की जाळी दिसते. निळी तांबडीवर ओव्हरप्रिंट, खाली जागा कापायची नाही. दोन्ही एकत्र येतात तिथे जवळजवळ काळा मिळतो, आणि रजिस्ट्रेशन (दोन शायांची जुळणी) थोडं हललं तरी पांढरी फट पडत नाही. शाईत कोरा कागद सोडून उमटवलेली अक्षरं मात्र एकाच शाईच्या भागात.

2 मे: प्रूफ

कागद 120 जीएसएम मॅपलिथो. अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर ठिपका पसरतो. 30 टक्के टिंट 45 ते 50 टक्क्यांसारखा दिसला आणि आदिरेची नक्षी भोवतालच्या निळीत बुडाली. 15 टक्क्यांवर आणला, बरोबर बसला. तांबड्याचा 50 टक्के टिंट गुलाबी दिसतो. लाकडाला गुलाबी नको, म्हणून तांबडी एकतर 100 नाहीतर शून्य.

इबेजींच्या पानावर नाक-डोळ्यांच्या रेघा काढून टाकल्या. रोज धुऊन, तेल आणि ओसूनची भुकटी चोळून मूर्तींचे चेहरे झिजतात. नव्या कोऱ्या रेघांनी ती पूजेतली मूर्ती वाटत नव्हती, दुकानातली वाटत होती. मथळ्यात क्रमही तपासला: आधी जन्मतो तो तायवो, पण थोरला मानतात केहिंदेला, कारण जग कसं आहे ते पाहायला त्यानेच तायवोला पुढे धाडलं.

9 मे: मागच्या कव्हरची आतली बाजू

इथे योरुबांबाहेरचा एक धागा, मुंबईचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मामी वाटा या जलदेवतेचं सर्वांत पसरलेलं रूप म्हणजे अंगाभोवती साप घेतलेली, मोकळ्या केसांची स्त्री. मूळ चित्र हॅम्बुर्गमध्ये 1880च्या दशकात छापलेलं गारुडिणीचं रंगीत जाहिरातचित्र. 1955 मध्ये घानातल्या व्यापाऱ्यांसाठी ते मुंबईत कॅलेंडरच्या छापखान्यात पुन्हा छापलं गेलं आणि हजारोंनी तिकडे गेलं. छापील कागदावरून लाकडी मूर्ती कोरल्या गेल्या. एका चौकटीत छापखाना, दुसरीत कोरक्याच्या हातात तो कागद. मामी वाटा योरुबा देवता आहे असं सुचेल अशी कुठलीही नक्षी भोवती नाही.

15 मे: मशीनवर

दोन फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे गट): बाहेरच्यात पानं 1 ते 8 आणि 25 ते 32, आतल्यात 9 ते 24. आतला आधी, कारण दारं त्यात आहेत. मोठ्या निळ्या भागांमुळे थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला रंग लागतो. थप्प्या लहान ठेवल्या, घडीला 24 तासांनी द्यायचं. घाई केली तर पान 17 ची नीळ थेट पान 16 वरच्या राणीच्या चेहऱ्यावर उमटेल.

आठ कागद एकात एक बसल्यावर मधला बाहेर सरकतो. या जाडीला अंदाजे 1 मिमी. कापल्यावर दारांच्या बाहेरच्या कडेतून तेवढं जाणार, म्हणून फळ्या कडेपासून 6 मिमी आत घेतल्या आहेत. दोन फळ्यांमधली 6 मिमी फट पूर्ण निळी. पिना तिथे, वरून आणि खालून 60 मिमीवर. बाइंडरकडच्या डमीवर ही जागा लाल पेन्सिलीने खूण करून दिली आहे. पिन फटीतून सरकून डोलीवाल्यांच्या पट्ट्यात गेली तर ती प्रत बाजूला काढायची.